खोकी उघडा, टेबल मांडा

प्रश्न : अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतर गेली दोन वर्षे मी त्यांचे खेळण्यांचे दुकान चालवते आहे. सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला आमचा लहानसा गाळा आहे. गिऱ्हाईक येते ते रिमोटची गाडी, बंदूक किंवा बाहुली मागते, आणि त्याच वस्तूचा मोबाइलवरचा भाव माझ्या घाऊक खरेदीच्या भावाएवढा असतो. मला मनापासून विज्ञानाची आणि जुनी, टिकाऊ खेळणी ठेवायची आहेत. मागच्या दिवाळीत मी स्लिंकी, गायरोस्कोप, यो-यो, लाकडी कोडी, प्रयोगांचे संच असा चाळीस हजारांचा माल भरला. त्यातला निम्म्याहून अधिक अजून काचेच्या कपाटात तसाच आहे. परवा एका गृहस्थांनी मुलाला घेऊन अर्धा तास सगळे पाहिले, आणि माझ्यासमोरच मोबाइलवर ऐंशी रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून निघून गेले. यजमानांचे म्हणणे असे की, खेळणी बंद करून मोबाइलची कव्हरे ठेवावीत. शिवाय माळ्यावर अण्णांनी जपलेली किल्लीची पत्र्याची खेळणी दोन खोकी भरून आहेत. पुण्याचे एक संग्राहक ती विकत मागत आहेत. मी काय करावे?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा 'काचेच्या कपाटात तसाच आहे' या वाक्यापाशी थांबलो. तुमच्या अडचणीचे मूळ मला तिथे दिसते. तुम्ही माल चुकीचा आणलेला नाही आणि सांगलीत अशा मालाला गिऱ्हाईक नाही, असेही नाही. ज्या खेळण्यांची सगळी गंमत त्यांच्या हालचालीत असते, ती तुम्ही चिकटपट्टी लावलेल्या खोक्यांत, काचेमागे, निश्चल ठेवली आहेत. रिमोटची गाडी खोक्यावरच्या चित्रावर खपते, कारण ती काय करते हे प्रत्येक मुलाला आधीच ठाऊक असते. गायरोस्कोप मात्र खोक्यात पाहिला तर लोखंडी कड्यात बसवलेले एक चाक दिसते, आणि त्यासाठी साडेतीनशे रुपये का मोजावेत हे कोणत्याही सुज्ञ बापाला कळणार नाही. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, दुकान बंद करण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि खोकी उघडा.

मी लहान असताना श्रावणी सोमवारी हरिपूरला संगमेश्वराच्या यात्रेत एक म्हातारे गृहस्थ पितळी परातीत पाणी घेऊन बसत. परातीत वीतभर लांबीची पत्र्याची बोट असे. तिच्या पोटात एक चपटी डबी आणि त्या डबीतून मागे निघालेल्या दोन बारीक नळ्या, एवढीच तिची सगळी यंत्रसामग्री. ते नळ्यांतून थेंब थेंब पाणी भरत, डबीखाली तेलाची इवलीशी वात सरकवत आणि मग काहीच बोलत नसत. आम्ही मुले श्वास रोखून पाहत असू. थोड्याच वेळात बोटीतून 'फट फट फट' असा आवाज सुरू होई आणि ती परातीच्या कडेकडेने फेऱ्या मारू लागे. डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतले पाणी मागे सरळ धारेने ढकलते, लगेच गार होऊन आकसते आणि पाणी पुन्हा आत ओढले जाते. बाहेर पडणारे पाणी एका दिशेने जाते, आत येणारे मात्र चहूबाजूंनी येते, म्हणून बोट पुढे सरकते. हे सगळे मला पुढे विज्ञान शिकवायला लागल्यावर नीट समजले. परंतु मी विज्ञानाकडे वळलो तो त्या परातीपाशी, असे मी आजही मानतो. त्या गृहस्थांनी बोटी टोपलीत झाकून ठेवल्या असत्या, तर आमच्यापैकी एकानेही घरच्यांकडे पैशांसाठी हट्ट धरला नसता.

ही केवळ आपल्याकडच्या यात्रेतली गोष्ट आहे, असे समजू नका. तुमच्या कपाटातल्या बहुतेक खेळण्यांचा इतिहास हाच आहे. रिचर्ड जेम्स हे अमेरिकेतले अभियंते १९४३ मध्ये जहाजावरच्या उपकरणांसाठी स्प्रिंगांवर काम करत होते. त्यातली एक स्प्रिंग खाली पडली ती पावले टाकत गेल्यासारखी. त्यांच्या पत्नी बेटी यांनी शब्दकोशातून 'स्लिंकी' हे नाव शोधले. पण माल दुकानात मांडल्यावर कोणी हात लावीना. शेवटी १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियातल्या गिंबल्स या मोठ्या दुकानात जेम्स यांनी तिरकी फळी लावली आणि स्लिंकी तिच्यावरून स्वतः चालवून दाखवली, तेव्हा दीड तासात त्यांच्याजवळचे चारशेच्या चारशे नग संपले. यो-योचेही तेच. फिलिपिन्समधून कॅलिफोर्नियात गेलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी १९२८ मध्ये तो बनवून विकायला सुरुवात केली, आणि पुढे डोनाल्ड डंकन यांनी तो धंदा विकत घेऊन गावोगावच्या दुकानांसमोर यो-यो फिरवून दाखवणारी तरबेज माणसे उभी केली. एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये बुडापेस्टला बनवलेला घन, म्हणजे आपला रुबिक क्यूब, तर त्यांना स्वतःला सोडवायला महिन्याहून अधिक काळ लागला होता. असली वस्तू कपाटात नुसती ठेवून विकायची म्हटले, तर ती कोण घेणार? खेळण्यांच्या धंद्यात ज्यांनी नाव कमावले त्यांनी आधी स्वतः खेळून दाखवले आहे, आणि हीच एक गोष्ट मोबाइलवरच्या दुकानाला करता येत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. दुकानाच्या दर्शनी भागात, रस्त्यावरून दिसेल असे, साधारण तीन फूट लांबीचे आणि आठ वर्षांच्या मुलाच्या कमरेइतक्या उंचीचे टेबल मांडा. त्याच्या कडेला बोटभर उंच पट्टी ठोकून घ्या, म्हणजे फिरणारी वस्तू खाली पडणार नाही. टेबलावर एका वेळी चार किंवा पाचच खेळणी ठेवा. वीस ठेवलीत तर मुले एकाही खेळण्यापाशी थांबणार नाहीत. प्रत्येक प्रकारातला एक नग 'दाखवायचा नग' म्हणून कायमचा बाजूला काढा आणि त्याची किंमत वहीत खर्च म्हणून लिहून टाका. तो मळेल, त्याचा रंग जाईल, एखादा मोडेलही. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. आणि टेबलावर 'हात लावू नये' अशी पाटी कृपा करून लावू नका. अशा पाट्या मी आयुष्यभर शाळांच्या प्रयोगशाळांत पाहिल्या, आणि त्या प्रयोगशाळांतली धूळही पाहिली.

ही पूर्वतयारी झाली की खरे काम सुरू होते, ते म्हणजे तुम्ही स्वतः प्रत्येक खेळणे शिकण्याचे. रोज रात्री दुकान बंद केल्यावर एक खेळणे घरी न्या आणि ते हातात बसेपर्यंत त्याच्याशी खेळा. यो-यो घेतलात तर दोरी मापात कापायला शिका. मुलाला उभे करून यो-यो जमिनीला टेकवला असता दोरी त्याच्या बेंबीपर्यंत यायला हवी. खोक्यातली दोरी मोठ्या माणसाच्या मापाची असते आणि म्हणूनच लहान मुलांचा यो-यो वर येत नाही. चांगल्या यो-योच्या आसाला दोरी गाठीने बांधलेली नसते, तिचा नुसता सैल फास असतो, त्यामुळे यो-यो खाली जाऊन जागच्या जागी फिरत राहतो आणि हलका झटका दिला की वर येतो. मुलाच्या मापाने दोरी कापून देणारी बाई सांगलीत आहे, ही बातमी जाहिरातीवाचून पसरेल.

स्लिंकीसाठी जेम्स यांच्यासारखी एक खडबडीत फळी ठेवा आणि शक्यतो पोलादी तारेचीच स्लिंकी दाखवा. प्लॅस्टिकची रंगीत स्लिंकी हातात छान दिसते, पण वजनाला हलकी असल्यामुळे पायऱ्या उतरताना पुष्कळदा मध्येच आडवी होते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेले बरे. डोक्यावर उलटा होणारा भोवरा मात्र आवर्जून ठेवा. बुटका, गोल, वर बारीक दांडी असलेला हा भोवरा चिमटीने फिरवला की हळूहळू कलतो आणि पाहता पाहता त्या दांडीवरच उभा राहून फिरू लागतो. १९५१ मध्ये स्वीडनमधल्या लुंड येथे भौतिकशास्त्र संस्थेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनाच्या वेळी नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली हे दोन नोबेल मानकरी जमिनीकडे वाकून हाच भोवरा पाहत असतानाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्याची एक प्रत मिळवून भोवऱ्यामागच्या भिंतीवर लावा. 'आता मोठा झालास, खेळणी पुरे' असे मुलाला म्हणणाऱ्या पालकांना ते चित्र पुष्कळ काही सांगेल.

गायरोस्कोपबद्दल मला वैयक्तिक रागही आहे आणि प्रेमही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानातून मी नातवासाठी तो घेतला. दुकानात खोके उघडू दिले नाही. घरी येऊन पाहतो तर आत ओढायची दोरीच नव्हती आणि आस किंचित वाकलेला होता. परत घ्यायलाही त्यांनी नकार दिला. सात वर्षांच्या मुलाचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. तुमच्याकडे असे कधीही होऊ देऊ नका. गिऱ्हाइकासमोर खोके उघडा, दोरी ओवा, ओढा, फिरणारे चाक ताणलेल्या दोरीवर ठेवून दाखवा आणि मग तोच नग बांधून द्या. चाक जोरात फिरत असताना कडे हातात घेऊन तिरपे करायला मुलाला सांगा. हाताला जो विरोध जाणवतो, तो शब्दांत कोणालाही सांगता येणार नाही. लिऑन फूको या फ्रेंच शास्त्रज्ञांनी पृथ्वीचे फिरणे दाखवण्यासाठी १८५२ मध्ये हे उपकरण वापरले आणि त्याला हे नाव दिले, एवढे सांगितले तरी दहा वर्षांचे मूल डोळे मोठे करते.

दर्शनी काचेत पाणी पिणारा पक्षी ठेवा. तो विकण्यासाठी नव्हे, नुसता ठेवण्यासाठी. १९४६ मध्ये अमेरिकेत माइल्स सुलिव्हान यांना त्याचे पेटंट मिळाले. पक्ष्याच्या डोक्यावर लोकरीसारखे कापड असते. ते ओले केले की पाणी वाळताना डोके गार होते, डोक्यातली वाफ आकसते, पोटातला द्रव मानेतल्या नळीतून वर चढतो आणि डोके जड होऊन पक्षी समोरच्या पेल्यात चोच बुडवतो. वाकताच नळीचे खालचे तोंड उघडे पडते, द्रव परत पोटात उतरतो आणि पक्षी सरळ होतो. हा पक्षी सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या उन्हात झपाझप पाणी पितो आणि जुलैच्या संततधारेत जवळजवळ थांबतो, कारण दमट हवेत डोक्यावरचे पाणी वाळत नाही. पावसाळ्यात तो बंद पडला तर नग खराब आहे असे समजून फेकू नका. उलट शेजारी कागद लावून मुलांनाच विचारा, की उन्हाळ्यात पिणारा पक्षी आता का पीत नाही. मात्र त्याच्या आतला द्रव विषारी असतो आणि काच नाजूक असते, म्हणून तो मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणीच हवा.

शोभादर्शक, भिंग, चुंबकीय पट्टी या वस्तूंना फार सांगावे लागत नाही. त्या टेबलावर ठेवल्या की आपोआप उचलल्या जातात.

प्रयोगांच्या मोठ्या संचांविषयी मात्र मी थोडा कठोर आहे. खोक्यावर 'शंभर प्रयोग' असे छापलेले असते आणि आत दोन तारा, एक मोटर, फुगे आणि एकच प्रयोग आठ नावांनी सांगणारी पुस्तिका निघते. तुम्ही आणलेल्या प्रत्येक संचाचा एक नग घरी उघडून त्यातले किमान पाच प्रयोग करून पाहा. जे होत नाहीत ते संच घाऊक व्यापाऱ्याकडे परत करा किंवा तोटा सोसून बाजूला ठेवा, पण विकू नका. जे नीट होतात, त्यांच्या खोक्यात तुमच्या हस्ताक्षरातला एक मराठी कागद घाला. कोणता प्रयोग आधी करावा, कोणता तुकडा उलटा बसण्याचा संभव आहे आणि घरातली कोणती वस्तू सोबत लागेल, हे त्यात लिहा. या संचांतल्या पुस्तिका सहसा इंग्रजीत असतात, आणि आपल्याकडे मुलाबरोबर दुपारी बसणारी व्यक्ती पुष्कळ घरांत आजी असते. त्या एका कागदामुळे आजीला खेळात जागा मिळते, आणि मोठे माणूस सोबत बसले की संच दोन दिवसांत कोपऱ्यात पडत नाही.

ऐंशी रुपयांसाठी निघून गेलेल्या गृहस्थांचे तुम्हाला फार लागले आहे, असे पत्रावरून दिसते. ते साहजिक आहे. पण तुमच्याच पत्रातला तपशील पाहा. त्यांनी अर्धा तास 'पाहिले', असे तुम्ही लिहिता. ते मूल अर्धा तास खेळले असते, त्याच्या मापाची दोरी कापली गेली असती आणि खोक्यात तुमच्या हातचा कागद असता, तर त्यातले काही मोबाइलवर मिळण्यासारखे नव्हते. तरीही काही माणसे जाणारच. भावात त्यांच्याशी बरोबरी करायला जाऊ नका, त्यात तुमचा गल्ला रिकामा होईल. त्याऐवजी दुरुस्तीचे काम हाती घ्या. यो-योची दोरी, गायरोस्कोपची दोरी, लाकडी कोड्यातला हरवलेला तुकडा, सैल झालेला घन, हे सगळे दहा-वीस रुपयांत नीट करून द्या, आणि वस्तू दुसरीकडून घेतलेली असली तरी करून द्या. ते गृहस्थ गुंता झालेला यो-यो घेऊन कधीतरी तुमच्याकडेच येतील, आणि त्या दिवशी मुलाच्या हातात टेबलावरचे दुसरे काहीतरी असेल.

आता ज्या बाबतीत तडजोड चालणार नाही, त्या सुरक्षिततेविषयी लिहितो. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. हा नियम बनवणाऱ्याला लागू आहे तसा विकणाऱ्यालाही आहे, आणि असा माल विक्रीसाठी साठवणे व मांडणे यांनाही तो लागू होतो. चिन्हासोबत 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर तो क्रमांक टाकला की परवाना खरा आहे की नाही ते समजते. दिवाळीत आणलेला सगळा माल आधी या कसोटीला लावा. चिन्ह नसलेला माल कितीही सुंदर असला, तरी कपाटातून काढा.

चिन्ह असले तरी काही वस्तू तुम्ही स्वतःहून ठेवू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. छोट्या, अतिशय शक्तिशाली चुंबकी गोळ्या हल्ली भेट म्हणून फार मागतात. मुलाने त्यातल्या दोन गिळल्या तर आतड्याच्या दोन वळ्या मध्ये चिमटून त्या एकमेकींना चिकटतात, आतड्याला भोक पडते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटातही फुगतात आणि आतड्याचा मार्ग बंद करतात. बटणासारखी चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. म्हणून जिच्या बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, ती वस्तू दुकानात येऊच देऊ नका. तीन वर्षांखालील मुलासाठी कोणी काही मागितले तर सुटे भाग पाहा. सुमारे बत्तीस मिलिमीटर व्यासाच्या लहान नळकांड्यात जो भाग पूर्ण मावतो, तो त्या वयाच्या मुलाच्या घशात अडकण्याचा धोका असतो. प्लॅस्टिकच्या पाइपाचा त्या मापाचा एक तुकडा कापून गल्ल्यापाशी ठेवा आणि आईवडिलांसमोर तो वापरून दाखवा. परातीतली वाफेची बोट तुम्ही टेबलावर जरूर चालवा, मात्र वात पेटवणारा हात तुमचाच हवा, आणि चिन्ह असलेली बोट मिळेपर्यंत ती विक्रीला ठेवू नका.

लाकडी खेळण्यांसाठी फार लांब जायला नको. मिरजेत तंतुवाद्ये बनवणाऱ्यांची परंपरा आहे आणि आपल्या भागात कातारकाम, म्हणजे लाकूड फिरवत घडवण्याचे काम, जाणणारे हात अजून आहेत. चांगला भोवरा म्हणजे समतोल साधलेले कातारकामच. आर, म्हणजे खालचा खिळा, नेमकी मध्यात बसली नसेल तर भोवरा थरथरतो आणि लवकर आडवा होतो. एखाद्या कारागिराकडून दोन मापांचे भोवरे करवून घ्या आणि सोबत सुती जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, द्या. जाळी गुंडाळायची कशी आणि हातजाळी घ्यायची, म्हणजे फेकलेला भोवरा वरच्यावर हातावर झेलायचा कसा, हे दाखवायला रविवारी सकाळी गल्लीतल्या एखाद्या आजोबांना बोलवा. ते आनंदाने येतील. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे आणि भातुकली, तसेच कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखकामाची खेळणीही ठेवण्यासारखी आहेत. चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते, म्हणून तो रंग पोपडे धरून निघत नाही. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या वस्तूंना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंना आयएसआयच्या अटीतून सवलत आहे. परंतु तुम्ही त्या दुकानातून पुन्हा विकणार आहात, म्हणून कारागिराच्या नोंदणीची प्रत घ्या आणि मानक ब्युरोच्या पुणे शाखेकडून लेखी खुलासा मागवा. मिरजेच्या कारागिराची नोंदणी नसेल तर ती करून घ्यायला त्याला मदत करा.

विकत घेण्याची ऐपत नसलेली मुलेही टेबलापाशी येतील, आणि त्यांना हाकलू नये असे मला फार वाटते. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे यांतून घरे, मनोरे आणि भूमितीच्या आकृत्या उभ्या करून दाखवल्या आणि टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी मुलांच्या हाती दिली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके आणि चित्रफिती इंटरनेटवर विनामूल्य आहेत, मराठीतही आहेत. महिन्यातून एका रविवारी त्यातले एक खेळणे दुकानाच्या ओट्यावर मुलांकडून करवून घ्या. जे मूल स्वतः फिरकी करते, ते विकतच्या गायरोस्कोपकडे वेगळ्या नजरेने पाहते, असा माझा तीस वर्षांच्या शिक्षकीतला अनुभव आहे.

यजमानांचे म्हणणे उडवून लावू नका. घराचा खर्च दुकानावर चालत असेल तर त्यांची काळजी रास्त आहे. त्यांना आकड्यांनी उत्तर द्या. सगळे दुकान एकदम बदलू नका. येत्या दिवाळीपर्यंत चौथा हिस्सा जागाच या मालाला द्या आणि उरलेल्या जागेत चालू माल राहू द्या. नवा माल एकेका प्रकाराचे सहाच नग या हिशेबाने भरा. रोजमेळात दोन रकाने वेगळे ठेवा, एक टेबलावर दाखवून विकलेल्या वस्तूंचा आणि एक बाकीच्यांचा. वाढदिवसाला जाणारी माणसे ठरावीक रकमेत काहीतरी शोधत येतात, म्हणून दीडशे ते तीनशे रुपयांतल्या वस्तूंची एक फळी वेगळी करा आणि भेटीचा कागद फुकट लावून द्या. दिवाळीनंतर दोन रकाने शेजारी ठेवून दोघांनी मिळून निर्णय घ्या. टेबलाच्या रकान्यात काहीच भरले नाही, तर यजमानांचे ऐका. मी त्यात कमीपणा मानणार नाही. आणि आपल्या पेठेने २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेले आहेत, तेव्हा पुठ्ठ्याची खोकी आणि लाकडी माल जूनपूर्वी वरच्या फळ्यांवर न्यायला विसरू नका.

राहिली अण्णांची पत्र्याची खेळणी. जुन्या पत्र्याच्या खेळण्यांच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो आणि त्यांच्या कडा धारदार असतात, म्हणून ती मुलांसाठी विकू नका आणि टेबलावरही ठेवू नका. पुण्याच्या संग्राहकांना द्यायला हरकत नाही, पण दोन्ही खोकी एकरकमी देऊ नका. आधी प्रत्येक खेळणे साफ करा, पाण्याने नव्हे तर कोरड्या मऊ फडक्याने. किल्ली फिरते का ते पाहा, फोटो काढा, मूळ खोके शिल्लक असेल तर त्याची नोंद करा आणि मगच एकेकाचा भाव विचारा. चालू स्थितीतल्या आणि मूळ खोक्यासह असलेल्या वस्तूला संग्राहक अधिक पैसे देतात. त्यातले जे अण्णा स्वतः गिऱ्हाइकांसमोर चालवत, ते एक मात्र कोणत्याही भावाला देऊ नका. ते गल्ल्यामागच्या उंच फळीवर ठेवा, महिन्यातून एकदा त्याच्या चाकांना शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्या, आणि सकाळी दुकान उघडले की अण्णा देत तशी त्याला किल्ली द्या.